ड्रॅगन क्वेस्ट ११: रोज एक अध्याय

प्रश्न: माझं वय ३६. कॉलेजात फिफा खेळायचो, आता रात्री मित्रांबरोबर मोबाइलवर बीजीएमआय. भाच्याने वाढदिवसाला 'ड्रॅगन क्वेस्ट ११' दिला आणि म्हणाला, मामा, हा खेळल्याशिवाय जपानी आरपीजीबद्दल (एका पात्राची भूमिका घेऊन लांबलचक गोष्ट खेळायचे गेम) बोलायचं नाही. सहा तास खेळलो. लढाई म्हणजे यादीतून 'अटॅक' निवडायचा आणि बघत बसायचं. हीरो तोंड उघडत नाही. गोष्ट लहान मुलांच्या मासिकातली वाटते. लोक ह्याला शंभर तास देतात म्हणे. माझं काही चुकतंय, की गेमच जुनाट आहे?

उत्तर: दोन्ही. पण आधी मला सांगा, हे सहा तास किती दिवसांत खेळलात? माझा अंदाज, एकाच रविवारी. दुपारी जेवून बसलात आणि दिवेलागणीला कंट्रोलर बाजूला ठेवलात. तसं असेल तर कंटाळा येणं साहजिक आहे. श्रीखंड वाटीने खातात, पातेलं पुढ्यात घेऊन बसत नाहीत.

मी पुण्यात गेम डिझाइनचं काम करतो, त्याला आता १७ वर्षं झाली. काम म्हणजे बहुतेक आकडेमोड. कोणत्या शत्रूचा जीव किती, कोणत्या तलवारीची धार किती, खेळणारा कुठे अडकेल आणि कुठे वैतागून फोन खाली ठेवेल. त्यामुळे पुढच्या मजकुरात चाहत्याचं प्रेम आहे तसा धंद्यातल्या माणसाचा खवचटपणाही आहे. ड्रॅगन क्वेस्ट ११ मी दोनदा संपवला. २०१८ साली अधाशासारखा, रजा टाकून. चौथ्या दिवशी लढाई आली की मी स्क्रीनकडे न बघता बटण दाबत होतो. दुसऱ्यांदा २०२१ मध्ये रोज रात्री जेवणानंतर पाऊण तास, असा जवळजवळ पाच महिने. त्या पाच महिन्यांत एकदाही 'आज नको' असं वाटलं नाही.

गेम पुन्हा सुरू केला की आधी तो 'आतापर्यंत काय झालं' ते थोडक्यात सांगतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तुम्ही कुठून आलात, कुठे निघालात, कोण मागे लागलंय. एका दिवसात सहा तास खेळणाऱ्याला ह्याचा काय उपयोग? ही सोय चार दिवसांनी परत येणाऱ्यासाठी आहे. सोबत्यांशी बोललं की तेही पुढचा रस्ता सुचवतात. वाटेत ठिकठिकाणी शेकोटीच्या जागा आहेत, तिथे देवीची मूर्ती असते, प्रगती जपून ठेवता येते, रात्र काढता येते. गोष्टीचे तुकडेही त्याच मापाचे: एक गाव, गावाचं एक दुखणं, जवळची एक गुहा, गुहेतला राक्षस, परत गावात. पाऊण तासात निदान अर्धा तुकडा होतो, दोन दिवसांत एक पुरा.

माझी आजी श्रावणात पोथी लावायची. रोज एक अध्याय, नंतर वाटीभर दूध-साखरेचा नैवेद्य. पुढे काय होणार हे तिला पाठ होतं, शेजारच्या काकूंनाही पाठ होतं. तरी दुसऱ्या दिवशी दोघी वेळेवर हजर. तीच पोथी एका बसणीत वाचायला घेतली असती तर तिसऱ्या अध्यायाला दोघींना डुलक्या लागल्या असत्या. तुम्ही रविवारी हेच केलंत.

हा स्वभाव कुठून आला ते सांगतो, कारण 'जुनाट' ह्या तुमच्या शब्दाचं उत्तर तिथे आहे. पहिला ड्रॅगन क्वेस्ट २७ मे १९८६ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम ह्या निन्टेन्डोच्या खेळयंत्रासाठी आला. त्याचा कर्ता युजी होरी हा मुळात नियतकालिकांत लिहिणारा माणूस. त्याला 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' ह्या अमेरिकी संगणक-गेमनी वेड लावलं होतं. पण ते गेम किचकट होते, कीबोर्डवर खेळायचे, चुकलात की मेलात. होरीने त्यांतला गाभा घेतला आणि तो चार दिशा न् दोन बटणांच्या कंट्रोलरवर बसवला. बोला, शोधा, लढा, मंत्र म्हणा: यादीतून निवडायचं, बस. आणि एक मोठा निर्णय घेतला. लढाईत हरलात तर अर्धं सोनं जाईल, पण कमावलेला अनुभव तुमच्याकडेच राहील. म्हणजे ज्याचा हात चपळ नाही, ज्याला गेम कशाशी खातात ते ठाऊक नाही, त्यानेही चिकाटीने फिरत राहिलं तर तो आपोआप बलवान होतो आणि कधी ना कधी शेवट गाठतोच. कौशल्य नसेल तर वेळ द्या, काम भागेल. ह्या एका तडजोडीवर अख्खा जपानी आरपीजी प्रकार उभा राहिला. पुढच्या वर्षी डिसेंबरात आलेला 'फायनल फँटसी'सुद्धा त्याच वाटेवरचा.

मालिकेची माणसं सुरुवातीपासून अकराव्या भागापर्यंत तीच राहिली. होरी लिहिणार, 'ड्रॅगन बॉल'वाले अकिरा तोरियामा चित्रं काढणार, कोइची सुगियामा संगीत देणार. होरीने स्लाइम नावाच्या राक्षसाचं चित्र म्हणून नुसतं चिखलाचं थारोळं काढून दिलं होतं. तोरियामांनी त्याचा हसरा निळा थेंब केला, आणि तोच मालिकेचा चेहरा झाला. तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजी आला, वार बुधवार. पहिल्याच दिवशी दहा लाखांवर प्रती खपल्या, दुकानांपुढच्या रांगांत शाळा बुडवून आलेली पोरं सापडली. (त्यावरून 'जपानमध्ये ड्रॅगन क्वेस्ट कामाच्या दिवशी विकायला कायद्याने बंदी आहे' अशी थाप जगभर फिरते. असा कायदा नाही. पुढचे भाग बहुतेक सुट्टीच्या दिवशी आले, एवढं मात्र खरं.) २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशीच्या खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते ह्याच मालिकेच्या शीर्षकधुनीवर. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन आले ते त्याच संचलनात, त्यामुळे ती धून बहुधा तुमच्याही कानावरून गेली असेल.

अकरावा भाग २०१७ चा, जपानबाहेर सप्टेंबर २०१८ मध्ये आला. त्याने ह्या तीस वर्षांच्या सवयींवर फक्त नवा रंग चढवला, भिंती हलवल्या नाहीत. म्हणून तो जुनाट वाटतो. तो जुन्या पद्धतीचाच आहे, आणि ते कर्त्यांनी जाणूनबुजून केलंय.

आता 'अटॅक निवडून बघत बसायचं' ह्या तक्रारीकडे येतो. एक तर तुमचे सोबती बहुधा स्वतःच्या मर्जीने लढतायत. लढाईच्या यादीत 'टॅक्टिक्स' आहे, तिथे सगळ्यांना 'फॉलो ऑर्डर्स' करा, म्हणजे प्रत्येकाची खेळी तुम्ही निवडाल. किरकोळ शत्रूंसाठी त्यांना मोकळं सोडलं तरी चालतं, पण मोठ्या राक्षसापुढे लगाम तुमच्या हातात हवा. दुसरं, सहा तासांत तुमच्याकडे फार तर हीरो आणि एरिक, एवढे दोघेच असतील. दोन माणसांत डाव रंगत नाही. हॉटो गावाच्या प्रकरणात व्हेरॉनिका आणि सेरेना ह्या बहिणी येऊन मिळतात, एक आग ओकणारी, दुसरी जखमा भरणारी, तेव्हा कुठे पट मांडून होतो. चांगली गोष्ट इतकी उशिरा सुरू करणं हा गेमचाच दोष. तो मी तुमच्या माथी मारणार नाही.

पण पट मांडून झाला की आतलं गणित बघण्यासारखं आहे. ह्या मालिकेत साध्या वाराची इजा ढोबळमानाने अशी निघते: तुमच्या हल्ल्याच्या आकड्याचा निम्मा भाग, त्यातून शत्रूच्या संरक्षणाचा पाव भाग वजा. (वर थोडा नशिबाचा चढउतार.) समजा हल्ला १००, समोरच्याचं संरक्षण १२०. पन्नासातून तीस गेले, इजा वीस. आता एका सोबत्याने मंत्र टाकून तुमचा हल्ला दीडपट केला: पंचाहत्तर उणे तीस, पंचेचाळीस. हल्ला दीडपट झाला पण इजा सव्वादोनपट! दुसऱ्याने शत्रूचं संरक्षण निम्म्यावर आणलं: पंचाहत्तर उणे पंधरा, साठ. (मंत्रांचं नेमकं प्रमाण वेगळं असेल, मी हिशेबाला सोपे आकडे घेतलेत.) दोघांनी एकेक पाळी 'वाया' घालवली, पण त्यानंतरचा तुमचा प्रत्येक वार तिपटीने लागतोय. सूत्रात वजाबाकी असल्यामुळे हे होतं. नुसता गुणाकार असता तर दीडपटीचे दीडपटच झाले असते. नवखा माणूस चारही पाळ्या 'अटॅक'वर घालवतो, राक्षस मरत नाही, मग तो म्हणतो पातळी कमी पडतेय, आणि तासभर रानात स्लाइम बडवत बसतो. उत्तर त्याच्या मंत्रांच्या यादीतच असतं.

ही वजाबाकी उलट बाजूने बघायची तर मेटल स्लाइम बघा. त्याचं संरक्षण इतकं की हिशेब शून्याखाली जातो, आणि तुमची भलीमोठी तलवार त्याला लागते शून्य किंवा एक. जीव मात्र त्याचा चिमूटभर. वर तो पळपुटा. आणि मारलात तर अनुभवाची पोतीच्या पोती. मग तुम्ही विचार करू लागता: मर्मभेदी वार संरक्षण जुमानत नाही, जेड ह्या पुढे भेटणाऱ्या सोबतिणीकडे भाल्याचा एक डाव आहे जो लागला तर मर्मावरच लागतो, नाहीतर हवेत जातो. तो टाकायचा का? तेवढ्यात तो पळाला तर? त्या दोन सेकंदांत मी खुर्चीच्या कडेवर येतो. बेचाळिशीतला माणूस, एका धातूच्या थेंबासाठी. एवढ्या थोडक्या नियमांतून असा क्षण काढून दाखवणं भल्याभल्यांना जमत नाही, मलाही क्वचितच जमलंय.

बाकी सोयी थोडक्यात सांगतो. लढाई चालू असताना ज्याची पाळी असेल तेव्हा बाहेर बसलेला गडी आत घेता येतो. एरिक स्वतःच्या दोन प्रतिकृती उभ्या करतो, आणि झोपलेल्या किंवा विष चढलेल्या शत्रूवर त्याचा खंजीर कितीतरी पटींनी चालतो, हे दोन्ही जुळवलंत की मोठे मोठे राक्षस लोळतात. शेकोटीपाशी छोटी भट्टी मिळते: तापलेल्या लोखंडावर घण घालून हत्यारं घडवायची, प्रत्येक घावाबरोबर लोखंड निवत जातं. मला हा छोटा खेळ मुख्य गेमपेक्षाही कधीकधी जास्त आवडायचा. मंत्रांच्या नावांनाही एक व्याकरण आहे. जपानीत आगीचा मंत्र मेरा, त्याहून मोठा मेरामी, त्याहूनही मोठा मेराझोमा. एकदा कान सरावला की नवा मंत्र नावावरूनच कळतो.

गोष्ट लहान मुलांची वाटते म्हणालात. तोरियामांची गुबगुबीत चित्रं बघून तसं वाटतं खरं. पण पहिल्या काही तासांतच काय झालं ते आठवा. खेड्यातल्या पोराला सोळाव्या वर्षी कळतं की आपण जगाचे तारणहार, म्हणून तो मोठ्या आशेने हेलिओडोरच्या राजाकडे जातो. राजा त्याला अंधाराची अवलाद म्हणून तुरुंगात घालतो. पळून घरी यावं तर गावाची राख झालेली. त्या राखेत एका झाडाच्या मुळाला हात लावल्यावर त्याला जुनं गाव दिसतं, कै. आजोबा जिवंत दिसतात. गावातलं कोणी त्याला ओळखत नाही, कारण त्या काळात तो स्वतः तिथेच लहान मुलगा म्हणून बागडतोय. आजोबा मात्र ओळखतात. मग दृश्य संपतं आणि पुन्हा राख. हे सगळं उजळ रंगांत, मोठमोठ्या डोळ्यांच्या बाहुल्यांसारख्या पात्रांकडून चाललेलं असतं. म्हणूनच ते जास्त लागतं, असं माझं मत.

आणि लोनालुलु गावापर्यंत जाच. तिथे मिशेल नावाची जलपरी एका कोळ्याची वाट बघत बसलीय. तुम्ही चौकशीला जाता, आणि कळतं की तिचा काइनुई केव्हाच वारला, तिच्या हिशेबाची थोडी वर्षं माणसांच्या हिशेबात पिढ्या झाल्यात. परत आल्यावर गेम विचारतो: खरं सांगणार की खोटं? खरं सांगितलंत तर ती त्याच्या थडग्यापाशी जाते आणि समुद्रात फेस होऊन विरते. खोटं सांगितलंत तर वाट बघत राहते. दोन्हींपैकी एकही उत्तर 'बरोबर' नाही, त्याबद्दल बक्षीस नाही, मुख्य गोष्टीत काही फरक पडत नाही. मी पहिल्यांदा खरं सांगितलं आणि रात्रभर रुखरुख लागली. दुसऱ्यांदा खोटं बोललो. पुढे प्रवासात ती बसली होती त्या खडकाजवळून जायचं मी टाळलं. शंभर तासांपैकी मोजून तासाभराचा हा भाग, पण ह्या गेमचं नाव काढलं की मला तोच आठवतो.

आता दोष. तुम्ही सांगितलेल्यांत एक अगदी रास्त आहे: मुका हीरो. १९८६ मध्ये पडद्यावर सोळा बाय सोळा ठिपक्यांची बाहुली होती, संवाद अक्षरांत यायचे, तेव्हा हीरो गप्प ठेवणं शहाणपणाचं होतं. तिथे खेळणारा स्वतःला बसवायचा. २०१७ मध्ये त्याला चेहरा आहे, पापण्या लवतात, आणि इंग्रजी आवृत्तीत सभोवतालचे सगळे आवाज देऊन बोलतात. (मूळ जपानी आवृत्तीत आवाज नव्हतेच, त्यामुळे तिथे हे इतकं खटकत नसावं.) अशा वेळी गावाची राख असो की राजाने तुरुंगात टाकणं, आमचे तारणहार तोंड किंचित उघडून बघतायत. लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या मागे उभ्या असलेल्या मेहुण्यासारखे. रिवाज म्हणून राखलेली ही गोष्ट केव्हाच सोडायला हवी होती.

दुसरा मोठा दोष, गेम फार सोपा आहे. वर मी वजाबाकीचं कौतुक केलं, पण नेहमीच्या काठिण्यावर ती न समजताही काम भागतं. वाटेत दिसतील तेवढे शत्रू मारत गेलात की तुमची पातळी नेहमी गरजेपेक्षा दोन पायऱ्या वर. होरीची ती जुनी दयाळू तडजोड इथे अतिलाड झालीय. ह्यावर औषध गेममध्येच आहे, पण ते भलत्याच जागी ठेवलंय. नवा खेळ सुरू करताना 'ड्रॅकोनियन क्वेस्ट' नावाचे निर्बंध निवडता येतात, त्यात 'स्ट्रॉन्गर मॉन्स्टर्स' आहे. ते फक्त सुरुवातीलाच लागतं. मध्येच बंद करता येतं, पण पुन्हा चालू करता येत नाही. म्हणजे गेम कसा आहे हे कळायच्या आधी तो किती कठीण हवा ते ठरवा! माझ्या हाताखालच्या पोराने असा पडदा आणला असता तर मी परत पाठवला असता.

संगीत. सुगियामांच्या धुना एकेकट्या ऐकल्या तर भरदार आहेत, पण गेम शंभर तासांचा आणि मैदानात वाजणारी धून तीच ती. २०१८ च्या आवृत्तीत तर ती सिंथेसायझरवर वाजवलेली, कॉलनीतल्या गणपतीच्या कीबोर्डसारखी. पुढे 'एस' नावाच्या सुधारित आवृत्तीत खऱ्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण आलं, तेव्हा निम्मी तक्रार मिटली. निम्मी राहिलीच.

बायकांच्या बाबतीत हा गेम अजून ऐंशीच्या दशकातल्या किशोरांच्या मासिकात अडकलाय. जेड ही राजकन्या, उत्तम लढवय्यी, संयमी, आणि तिला सशाचे कान लावलेला पोशाख. 'पफ-पफ' नावाचा जुना आचरट विनोद गावोगाव पेरलाय. बायकोसमोर खेळताना मी दोनदा रिमोट शोधला. उलट सिल्व्हॅन्डोबाबत गेमने मला खोटं पाडलं. सर्कशीतला, नटवा, मुरका मारत चालणारा हा गडी पहिल्यांदा भेटतो तेव्हा वाटतं, झालं, आता ह्याच्यावर फालतू हशे. पण पुढे जग उद्ध्वस्त झाल्यावर लोकांना पुन्हा हसवायची जबाबदारी तो अंगावर घेतो, वाजतगाजत मिरवणूक काढतो, आणि ज्या सरदार बापाशी फाटलं होतं त्याच्यासमोर तशाच भरजरी थाटात उभा राहतो. सगळ्यांत कणखर तोच.

पुढचे दोन परिच्छेद शेवटाबद्दल आहेत. गोष्ट फुटलेली चालत नसेल तर सोडून द्या, 'आता व्यवहाराचं' म्हटलंय तिथून परत वाचा.

मध्यावर खलनायक जिंकतो. इग्ड्रासिल हा विश्ववृक्ष कोसळतो, सोबती पांगतात, आणि एकेकाला शोधत फिरताना कळतं की सगळ्यांना वाचवताना व्हेरॉनिका मेली. तिची बहीण सेरेना केस कापते. इथपर्यंत कुठल्याही गोष्टीत झालं असतं. पण मग तुम्ही सेरेनाची मंत्रांची यादी उघडता आणि तिथे व्हेरॉनिकाचे आगीचे मंत्र आलेले असतात. तिसेक तास ज्या यादीत बोट आपोआप जायचं, ती यादी आता दुसरीच्या नावाखाली. मरण असं मेनूतून सांगणं फक्त गेमलाच शक्य आहे. मी तेव्हा कंट्रोलर ठेवून पाणी प्यायला उठलो होतो.

आणि ह्यावर गेम स्वतःच बोळा फिरवतो. खलनायक मरतो, श्रेयनामावली सरकते, आणि मग कळतं की अजून तिसरा अंक आहे. हीरो काळाच्या मागे जातो, झाड कोसळायच्या आधी, व्हेरॉनिकाला वाचवायला. वाचते. पण ज्यांनी ते दुःख सोसलं, त्यातून मोठे झाले, त्या सोबत्यांना त्यातलं काहीच आठवत नाही. सिल्व्हॅन्डोची मिरवणूक, सेरेनाचा निर्धार, सगळं घडायच्या आधीचं. वर ह्या अंकातला बराचसा वेळ जुन्याच जागी नव्या, जास्त ताकदीच्या राक्षसांना मारण्यात जातो. हीरो एकटाच सगळं जाणतो, आणि तो मुका! मला कधीकधी वाटतं हा मुद्दाम केलेला सर्वांत क्रूर विनोद आहे. बहुधा नसावा. तिसऱ्या अंकात मालिकेच्या पहिल्या भागांशी एक सुंदर गाठ बांधलीय, ती बघायला जुने चाहते डोळ्यांत पाणी आणून थांबतात. तुम्ही जुने चाहते नाही. श्रेयनामावली दिसली की उठलात तरी काही बिघडत नाही, तोवर साधारण ५०-६० तास झालेले असतात. शंभरचा आकडा तिसऱ्या अंकासकट आहे.

आता व्यवहाराचं. आधी भाच्याने कोणती आवृत्ती दिलीय ते बघा. नावात 'एस' आणि 'डेफिनिटिव्ह एडिशन' असेल तर उत्तम: वाद्यवृंद, लढाईचा वेग वाढवायची सोय, जपानी आवाजांचा पर्याय, आणि हवं तर सगळा गेम जुन्या सपाट चित्रांत खेळायची गंमत. ती २०१९ मध्ये निन्टेन्डोच्या स्विचवर आणि डिसेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर आली. चित्रं मूळच्यापेक्षा किंचित उतरलीत, डोळ्यांना कळेलच असं नाही. २०१८ ची आवृत्ती असेल तर तिची प्रगती नवीत नेता येत नाही, हे लक्षात ठेवून ठरवा. नव्या आवृत्तीचा फुकट डेमो चांगला दहाएक तासांचा आहे आणि त्यातली प्रगती पुढे पूर्ण गेममध्ये चालते.

मी तुमच्या जागी असतो तर पुन्हा पहिल्यापासून सुरू केला असता. सहाच तास गेलेत. 'स्ट्रॉन्गर मॉन्स्टर्स' चालू, बाकीचे निर्बंध बंद. लढाईचा वेग एक पायरी वर. सोबत्यांना 'फॉलो ऑर्डर्स'. कौशल्याचे गुण कुठे खर्चावेत ह्याची काळजी नको, थोडं सोनं देऊन ते परत घेता येतात. वाटेतला प्रत्येक शत्रू मारायची गरज नाही, घोड्यावरून सरळ निघून जा. राक्षसाने हरवलं तर पातळी वाढवायला धावू नका, आधी मंत्रांची यादी पुन्हा वाचा.

आणि रोज पाऊण तास, जास्त नाही. इथे मला एक कबुली द्यायची आहे. 'रोज या' हे मोबाइल गेममध्ये आम्हीही सांगतो. आलात की नाणी, सलग सात दिवस आलात की पेटी, नाही आलात की पेटी गेली. असल्या पेट्यांचे तक्ते मी स्वतः बनवलेत, आणि त्यांतले काही खूप चालले. त्यात येणारा माणूस चुकू नये म्हणून येतो. ड्रॅगन क्वेस्ट ११ मध्ये तुम्ही महिनाभर फिरकला नाहीत तरी काही बुडत नाही. शेकोटी विझत नाही, कोणी रुसत नाही, पैसे मागत नाही. परत आलात की तो शांतपणे आतापर्यंतची गोष्ट सांगतो आणि पुढे चला म्हणतो. माझ्या पोटापाण्याच्या दृष्टीने हे अगदी वाईट डिझाइन आहे.

बीजीएमआय सोडायची गरज नाही. तो मित्रांसाठी आहे, हा जेवणानंतर एकट्याने. आठवडाभर हॉटो गावापर्यंत जाऊन बघा. तिथे पोचलात की घाई न करता दहाबारा लोकांशी बोला, आणि इंग्रजीतच खेळत असाल तर त्यांच्या ओळी जरा मोठ्याने वाचा. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, सगळे आपले साधंच बोलतायत असं वाटतं. मला तिसऱ्या माणसापाशी शंका आली, मग बोटांवर प्रत्येक ओळीतले उच्चार (सिलेबल) मोजले. पाच, सात, पाच. अख्खं गाव हायकूत बोलतं.